ॲलिसचा जन्मदाखला सापडत नाही (एका इंग्रज घराण्याच्या चार पिढ्या)

लीकवासी

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं आम्ही स्टॅफर्डशरमधल्या लीक या गावी आहोत. गावापासून दोन-अडीच मैलांवर रुडयार्ड नावाचं तळं आहे. तळं कसलं, कालव्याला पाणी पुरवायला सव्वादोनशे वर्षांपूर्वी घातलेला बंधारा. ऊन पडलं की पोळीभाजीचा डबा घेऊन जातो. काठाने छोटी वाफेची गाडी धावते, लेक तिच्यात तीनदा बसते, मग डबा.

१८६३ साली या तळ्यावर अशाच एका सहलीत बर्स्लेमच्या चिनी मातीच्या कारखान्यात घडणकाम करणारा एक तरुण आणि एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाची बहीण भेटले. तो जॉन लॉकवुड किपलिंग, ती ॲलिस मॅकडोनल्ड. १८६५ च्या मार्चमध्ये केन्सिंग्टनला लग्न, लगेच मुंबईचं जहाज, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबईत मुलगा. त्याला तळ्याचं नाव दिलं. रुडयार्ड. मोगलीवाला.

लेकीला शाळेतून प्रकल्प मिळालाय: आपल्या परिसराशी संबंध असलेल्या घराण्याच्या चार पिढ्या लावा. मी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाची, म्हणजे ज्या आवारात हा जन्मला तिथेच पाच वर्षं मी वडापाव खाल्ला आहे. त्यामुळे घराणं ठरायला वेळ लागला नाही.

गाडी अडली ती ॲलिसपाशी. १८३७ साली शेफील्डला जन्मली एवढं माहीत आहे. जन्मनोंदणीची सूची १८३७ पासून १८३९ पर्यंत, सगळ्या तिमाह्या, मॅकडोनल्डच्या सगळ्या स्पेलिंगांनी पाहिली. बाई नाहीच. दुसरं म्हणजे हिची भावंडं दर वेळी वेगळ्याच गावी जन्मलेली दिसतात. हे एकच कुटुंब आहे की मी दोन-तीन कुटुंबांची खिचडी करतेय?

इथे कोणी इंग्रजांचे जुने कागद चाळले आहेत का?

---

मनीमाऊ

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

फडफड

चार वर्षं सासरच्यांचा कुलवृत्तांत उघडला नाहीस आणि किपलिंगचं खानदान शोधतेयस. सासूबाई हा धागा वाचतात का? :-)

---

लीकवासी

@फडफड, सासूबाईच म्हणाल्या, आपल्या कुलवृत्तांतात माझं नाव 'सौ.' एवढंच आहे, तू खुशाल दुसऱ्यांचं शोध.

---

जुनेकागद

ताई, मी बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली. निवृत्तीनंतर मुलाकडे लेस्टरला येऊन-जाऊन असतो आणि थंडीत दुसरा उद्योग नाही म्हणून इथले कागद वाचायला शिकलो. तुमचा प्रश्न तारखेतच सुटतो.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. ॲलिस जन्मली ४ एप्रिल १८३७ ला. म्हणजे तीन महिने आधी. तिचा सरकारी जन्मदाखला हरवलेला नाही, तो जन्मलाच नाही. आता गंमत बघा. नवरा लॉकवुड यॉर्कशरमधल्या पिकरिंगला जन्मला ६ जुलैला. त्याच वर्षी. पद्धत सुरू होऊन पाच दिवस झाले होते. एकाच वर्षी जन्मलेले नवराबायको, पण त्याला शोधायचं सरकारी सूचीत आणि तिला चॅपेलच्या, म्हणजे मेथडिस्टांच्या प्रार्थनाघराच्या वहीत.

तोही सूचीत असेलच असं धरून चालू नका. त्या काळात नोंद गोळा करत फिरायचं काम निबंधकाचं होतं, आईबापांवर बंधन नव्हतं. ते बंधन आणि दंड आला १८७४ च्या कायद्याने. त्याआधीच्या वर्षांत पुष्कळ मुलं निसटली आहेत. सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून जमीन नाही असं होत नाही, तसंच हे.

---

लीकवासी

अरे देवा. तीन महिने! मी दोन रविवार घालवले हो.

---

शशांक_डर्बी

जुनेकागद काकांना +१. पुढचं मी सांगतो, कारण मी यात पोळलोय.

'चॅपेलची वही' म्हटलं की लोक थेट तिथल्या चर्चच्या नोंदी उघडतात आणि काही मिळत नाही. तिथलं चर्च म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन. त्यांच्या वह्या १५३८ पासून आहेत, हेन्री आठव्याच्या वेळी थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला तेव्हापासून. पण हे लोक मेथडिस्ट, म्हणजे जॉन वेस्लीने सुरू केलेल्या वेगळ्या पंथाचे. त्यांचे बाप्तिस्मे वेगळ्या वहीत. सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा अशा पंथांच्या वह्या लंडनला मागवून घेतल्या, त्या आज क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 'आर जी ४' असा शोध घे. शिवाय वेस्लीवाल्यांनी लंडनला १८१८ पासून स्वतःचं एक मध्यवर्ती जन्मनोंदणी कार्यालय चालवलं होतं, त्याची कागदपत्रं 'आर जी ५' मध्ये.

आणि घोळ वाढवायला: बाप्तिस्मा चॅपेलमध्ये, पण लग्न मात्र अँग्लिकन चर्चमध्येच! १७५४ ते १८३७ पर्यंत ज्यू आणि क्वेकर सोडून सगळ्यांना तिथेच लग्न लावावं लागे, नाहीतर ते कायद्याने लग्नच नव्हे. म्हणजे एकाच माणसाचा जन्म एका दप्तरात, लग्न दुसऱ्या दप्तरात.

---

सातारी_काका

म्हणजे बारसं एका भटजीकडे आणि लग्न दुसऱ्या. आमच्याकडे पण गावकीच्या भांडणात असंच होतं.

---

लीकवासी

शशांक, धन्यवाद. आणि गावं बदलण्याचं काय? ॲलिस शेफील्ड, जॉर्जियाना बर्मिंगहॅम, ॲग्नेस लीड्स, लुईझा वेकफील्ड, एडिथ हडर्सफील्ड. बाप फेरीवाला होता का?

---

जुनेकागद

जवळजवळ तसंच. :-) मेथडिस्ट उपदेशकाला एका जागी फार राहू देत नसत. 'सर्किट' म्हणत त्याला. दोन-तीन वर्षं झाली की बदली, घरदार उचलून पुढचं गाव. आपल्याकडे तलाठ्याची बदली व्हावी तशी. रेव्हरंड जॉर्ज ब्राऊन मॅकडोनल्ड आणि हॅना यांना अकरा मुलं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली. बापाच्या नेमणुकांची यादी मेथडिस्टांच्या वार्षिक कार्यवृत्तांत छापली जाई. ती शेजारी ठेवून मुलांची जन्मगावं ताडून बघा, तुमची खिचडी नाही, एकच कुटुंब आहे हे दिसेल. सामान्य मजुराच्या कुटुंबात अशी पाच शहरं दिसली असती तर मीही संशय घेतला असता.

---

धोंडो_भिकाजी

मुळात धाग्याचं नाव चुकलंय. मॅकडोनल्ड म्हणजे स्कॉटिश. 'इंग्रज घराणं' कसं?

---

शशांक_डर्बी

घरात सांगत की मूळ स्काय बेटाचे. पण पणजोबांच्या पिढीत ते आयर्लंडमध्ये फर्मॅनाला होते. तिथला जेम्स मॅकडोनल्ड जॉन वेस्ली हयात असतानाच मेथडिस्ट उपदेशक झाला आणि पुढे इंग्लंडात आला. त्याचा मुलगा जॉर्ज उपदेशक, जॉर्जचा मुलगा फ्रेडरिक उपदेशक. (हाच तो भाऊ, ज्याच्या बर्स्लेमच्या नेमणुकीमुळे ॲलिस त्या सहलीला पोचली.) तीन पिढ्या इंग्लंडात जन्म-लग्न-मरण झाल्यावर अजून स्कॉटिश म्हणायचं का? मग आपल्यातले निम्मे पुणेकर कोकणी.

---

धोंडो_भिकाजी

आहेतच. त्यात वाद काय?

---

फडफड

झालं. धागा पुण्यात पोचला. पॉपकॉर्न घ्या.

---

विदुषी_नव्हे

लीकवासी, एक साधी युक्ती सांगते, इंग्रज कुटुंबांत हमखास लागू पडते. मधलं नाव बघायचं. 'जॉन लॉकवुड किपलिंग' मधलं लॉकवुड हे काही हौसेचं नाव नव्हे. ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. बाप रेव्हरंड जोसेफ किपलिंग, आई फ्रान्सिस लॉकवुड. तसंच चित्रकार बर्न-जोन्स. (ॲलिसची बहीण जॉर्जियाना याची बायको.) जन्माच्या वेळी तो एडवर्ड कोली बर्न जोन्स. कोली हे आईचं माहेर. ती बिचारी तो जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेली. जुन्या सूचीत तो 'ज' खाली सापडेल, 'ब' खाली नाही. बर्न आणि जोन्सला जोडणारी आडवी रेघ मागाहून आली. आणि एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅममध्ये नुसता एडवर्ड जोन्स शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधण्यासारखं.

माझा नवरा इंग्रज आहे. त्याच्या मधल्या नावावरून मी तीन पिढ्यांपूर्वीची एक खापरपणजी शोधली. तिचं पूर्ण आडनाव नातवंडांच्या मधल्या नावात जिवंत होतं, बाकी कुठेच नाही. विवाहाच्या नोंदीत असेल असं वाटलं होतं. नव्हतं. कारण १८३७ पासून इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदीत वर आणि वधू दोघांच्याही फक्त बापाचं नाव आणि धंदा लिहीत. आईच्या नावाला रकानाच नव्हता. तो आला ४ मे २०२१ ला. हो, दोन हजार एकवीस. आमचं लग्न २०१२ चं. माझ्या दाखल्यावर माझ्या आईचं नाव नाही.

---

मनीमाऊ

२०२१??? मला वाटलं छपाईची चूक.

---

जुनेकागद

नाही ताई, खरं आहे. आम्हाला वाटतं साहेब सगळ्यात पुढे. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव आपल्याकडे त्यांच्या लग्नाच्या कागदाच्या कितीतरी आधी आलं.

---

सातारी_काका

मला एक कळत नाही. एवढी उठाठेव का? आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जा, उपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगा, ते बाड काढतात, पणजोबाची सही दाखवतात. आमच्या आजोबांची मोडीतली सही मी पाहिली आहे. दक्षिणेकडे हेळवी येतात, बैलावर बसून, तोंडपाठ वंशावळ म्हणतात, धान्य घेतात, जातात. तिमाही नाही, सूची नाही.

---

विदुषी_नव्हे

काका, त्या बाडात तुमच्या आजीचं माहेर होतं का?

---

सातारी_काका

...नव्हतं.

---

फडफड

काकांना एवढ्या कमी शब्दांत उत्तर देताना पहिल्यांदाच बघतोय.

---

गिरगावकर

जे.जे.चा विषय निघाला म्हणून. डीनच्या बंगल्यावर पाटी आहे की इथे रुडयार्ड किपलिंग जन्मला, आणि बाप जे.जे.चा पहिला प्राचार्य. दोन्ही गोष्टींत पाणी आहे. आत्ताचा बंगला नंतरचा, जन्म झाला ते घर तिथे आधी होतं. आणि लॉकवुड आला तो शिल्पकाम शिकवायला. त्याच सुमारास तीन विभाग सुरू केले, सजावटीच्या चित्रकामाला जॉन ग्रिफिथ्स (पुढे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेणारा तोच), लोखंडी कामाला हिगिन्स आणि मूर्तिकामाला हा.

त्याचं काम बघायचं असेल तर बंगल्यासमोर उभं राहू नका, पलीकडे क्रॉफर्ड मार्केटात जा. म्हणजे महात्मा फुले मंडई. दारांच्या कमानींवर जी शेतकरी-हमालांची उठावाची चित्रं आहेत ती लॉकवुडची. मी लहानपणापासून तिथे फळं घ्यायला जातो आणि वर मान करून पाहिलं वयाच्या चाळिसाव्या वर्षी. मान वर केली आणि मागून हातगाडीवाला ओरडला, "ओ साहेब, बाजूला!" खालचा हमाल आणि वरचा हमाल, दोघांच्या पाठीचा बाक तोच.

---

लीकवासी

गिरगावकर, हे वाचून घशात काहीतरी आलं. पाटीचा उल्लेख मी प्रकल्पातून काढते.

मुंबईतला जन्म इंग्लंडच्या सूचीत सापडणार नाही ना मग?

---

शशांक_डर्बी

नाही. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला दर वर्षी लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगालला 'एन १', मद्रासला 'एन २', मुंबईला 'एन ३'. रुडयार्डचा बाप्तिस्मा फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये झाला, तेव्हा तो 'एन ३' चा विषय. यातलं बरंच आता घरबसल्या चाळता येतं. यात जन्म दुय्यम, बाप्तिस्मा मुख्य, हे लक्षात ठेव. तारीख बघताना गडबड होते.

---

राजाभाऊ_कट्टा

ज्या माणसाने जालियनवाला बागेच्या डायरसाठी उभारलेल्या निधीला पैसे दिले, त्याची वंशावळ आपण मराठीत लावतोय. लेकीला दुसरं घराणं मिळालं नाही?

---

लीकवासी

राजाभाऊ, रागावू नका, पण मुलीला मी ते सांगितलं आहे. तिने तक्त्यात त्याच्या चौकोनात लिहिलंय सुद्धा, स्पेलिंग चुकवून. तक्ता म्हणजे आरती नव्हे हो.

---

राजाभाऊ_कट्टा

ठीक. स्पेलिंग दुरुस्त करा मात्र.

---

गोंयकार

हांव येतां मदीं. :-) रुडयार्डने आत्मचरित्रात लिहिलंय की त्याची मुंबईतली आया पोर्तुगीज रोमन कॅथलिक होती, रस्त्याकडेच्या क्रुसापाशी प्रार्थना करायची आणि तो शेजारी उभा राहायचा. मिटा नावाचा हिंदू गडी होता, तो त्याला देवळांत न्यायचा. ती आया म्हणजे आमची गोंयची बाय. त्या काळी गोव्याच्या कितीतरी बायका मुंबईला साहेबांच्या घरी आया होत्या.

---

वसईचा_डाबरे_नव्हे

थांबा हो गोंयकार. त्या काळच्या मुंबईत 'पोर्तुगीज' म्हणजे गोव्याचाच असं नव्हे. वसई, साष्टी, माझगाव, गिरगाव इथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनाही साहेब सरसकट पोर्तुगीज म्हणत. ती आमचीही असू शकते. आणि तसं असेल तर ती पोराशी मराठीत बोलली असणार!

---

गोंयकार

कोकणीत!

---

वसईचा_डाबरे_नव्हे

मराठीत. वसईच्या बोलीत.

---

गिरगावकर

त्याने स्वतः 'देशी भाषा' एवढंच म्हटलंय. त्या भाषेत विचार करायचे, स्वप्नं पडायची, आणि जेवणाच्या खोलीत आईबापांकडे पाठवताना बजावलं जायचं की आता इंग्रजीत बोला. मग ती पोरं मनातल्या मनात भाषांतर करत अडखळत इंग्रजी बोलायची. बहुधा हिंदुस्तानी. दोघांनीही माघार घ्या.

---

गोंयकार

हिंदुस्तानी दिवसा. रात्री अंगाई कोकणीच.

---

विदुषी_नव्हे

मूळ प्रश्नाकडे येऊ का? लीकवासी, चार पिढ्या तू कुठल्या बाजूने लावतेयस?

---

लीकवासी

सरळ. जोसेफ किपलिंग, लॉकवुड, रुडयार्ड, रुडयार्डची मुलं. जोसेफच्या मागे अजून गेले नाही.

---

विदुषी_नव्हे

मग तुझा तक्ता चौथ्या पिढीत संपतो, पाचवं पान लावूच शकणार नाहीस. रुडयार्डची थोरली जोसेफीन अमेरिकेत व्हर्मांटला जन्मली, १८९९ मध्ये न्यूयॉर्कला न्यूमोनियाने गेली, सहा वर्षांची. जॉन १९१५ ला लूसच्या लढाईत बेपत्ता. एल्सी राहिली, १९२४ ला लग्न झालं, मूलबाळ नाही, १९७६ ला गेली. लॉकवुडची मुलगी ट्रिक्स, तिलाही मूल नाही. म्हणजे जहाजातून मुंबईला गेलेल्या त्या जोडप्याचा वंश तिथेच थांबला.

आता ॲलिसच्या बाजूने बघ. तिच्या बहिणी:
जॉर्जियानाचा नवरा एडवर्ड बर्न-जोन्स, चित्रकार. तिच्या मुलीची मुलगी अँजेला थर्केल कादंबरीकार, अँजेलाचा मुलगा कॉलिन मॅकिनेस तोही कादंबरीकार. ॲग्नेसचा नवरा एडवर्ड पॉइंटर, रॉयल अकादमीचा अध्यक्ष. त्यांचा मुलगा ॲम्ब्रोज वास्तुविशारद, ब्वेनोस आयर्समधला तो इंग्रजांनी भेट दिलेला घड्याळाचा मनोरा त्याचा. लुईझाचा नवरा आल्फ्रेड बाल्डविन, लोखंडाचा कारखानदार, आणि मुलगा स्टॅन्ली बाल्डविन, तीन वेळा ब्रिटनचा पंतप्रधान. रुडयार्ड आणि पंतप्रधान सख्खे मावसभाऊ. धाकट्या एडिथने लग्न केलं नाही, पण घराण्याची बखर तिनेच लिहून ठेवली.

यातल्या कुठल्याच दोन घरांचं आडनाव एक नाही. आडनावाच्या सूचीत हे कुटुंब दिसतच नाही. ते दिसतं फक्त आईकडून गेलं तर, आणि नेमका तोच रकाना विवाहनोंदीत नव्हता.

---

मनीमाऊ

बाईंनी टाळ्या घेतल्या.

---

सातारी_काका

एकाच उपदेशकाच्या मुलींचे नवरे एवढे मोठे? हुंड्यात काय दिलं होतं?

---

विदुषी_नव्हे

काही नाही. सतत बदल्या, बेताचा पगार. ॲग्नेस आणि लुईझाची लग्नं तर एकाच दिवशी उरकली, ९ ऑगस्ट १८६६, वूल्व्हरहॅम्प्टनला. एकाच मांडवात दोन. खर्चाचं गणित जगभर सारखंच असावं.

आणि नवरे तेव्हा मोठे नव्हते, हे लोक विसरतात. १८६० ला जॉर्जियानाचं लग्न झालं तेव्हा बर्न-जोन्सचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. ॲलिसचा नवरा मातीकाम करणारा. आपण शेवटाकडून मागे वाचतो म्हणून वाटतं की बहिणींनी निवडून स्थळं काढली.

---

धोंडो_भिकाजी

'ॲलिस विनोदी होती' असं कुठेतरी वाचलं होतं. त्या केसांच्या बटेचा काय किस्सा?

---

शशांक_डर्बी

घरात सांगत तो असा. घर आवरताना एक पुडी सापडली, त्यात जॉन वेस्लीच्या केसांची बट, मोठ्या भक्तीने जपलेली. ॲलिसने ती शेगडीत टाकली आणि इंग्रजीतली ती म्हण फेकली, ज्याचा कुत्रा चावला त्याच कुत्र्याचा केस. तीन पिढ्या उपदेशकांच्या घरात राहिल्यावर माणूस असं बोलणारच. पण हा घरचा किस्सा आहे, कागद नाही. तक्त्यात टाकायचा तर वेगळ्या शाईने.

---

जुनेकागद

हे 'वेगळ्या शाईने' फार आवडलं. आमच्याकडे शेऱ्याच्या रकान्यात 'सांगीव' असं लिहीत.

शिरगणतीबद्दल राहिलं. ताई, १८४१ ची बघाल तेव्हा वयांवर विश्वास ठेवू नका. पंधराच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. एकोणचाळीसचा माणूस पस्तिसाचा दिसतो. कुटुंबप्रमुखाशी नातंही त्यात नाही. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव दोन्ही मिळतं, म्हणून शोध नेहमी १८५१ पासून मागे न्यावा. या बाजूने १९२१ पर्यंतच्या उघड्या आहेत. १९३१ ची १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे घेतलीच नाही. शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणजे पुढची मिळायला १९५१ ची, २०५२ मध्ये. तेव्हा मी नसेन, तुमची लेक बघेल.

---

फडफड

काका, २०५२ ला तुम्ही लॉगिन करालच.

---

बेळगावी_कुंदा

मला जॉनचं विचारायचंय. मुलगा बेपत्ता म्हणता, मग थडगं आहे असं कुठे तरी वाचलं होतं ना?

---

शशांक_डर्बी

हा या धाग्यातला सगळ्यात अवघड कागद. जॉनची दृष्टी अधू होती, सैन्यात घेत नव्हते. बापाने ओळख वापरून आयरिश गार्ड्समध्ये भरती करवला. अठरा वर्षं पुरी होऊन सहा आठवडेही झाले नव्हते, २७ सप्टेंबर १९१५ ला लूसला गेला. आईबापांनी वर्षानुवर्षं त्याच्या तुकडीतल्या लोकांना गाठून चौकशी केली. रुडयार्ड पुढे युद्धातल्या थडग्यांची व्यवस्था बघणाऱ्या आयोगावर गेला. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर 'देवाला ठाऊक' अशा अर्थाचे शब्द आहेत ना, ते त्याने सुचवलेले. १९३६ ला तो वारला तेव्हा मुलाचं थडगं सापडलेलं नव्हतं.

१९९२ मध्ये आयोगाने एका अनाम 'आयरिश गार्ड्सचा लेफ्टनंट' दगडावर जॉनचं नाव घातलं. त्यावर वाद झाला, कारण मेला तेव्हा जॉन सेकंड लेफ्टनंट होता असं अनेकांचं म्हणणं. बढतीची घोषणा मृत्यूनंतर झाली. खांद्यावरच्या एका ताऱ्यावरून भांडण. पुढच्या संशोधनातून नाव योग्य असल्याचं मत पुढे आलं.

---

बेळगावी_कुंदा

ज्याने दुसऱ्यांच्या मुलांच्या दगडावर काय लिहायचं ते ठरवलं, त्याच्याच मुलाला दगड नाही. लीकवासी, लेकीला हे कसं सांगितलंस?

---

लीकवासी

सांगितलं. ती विचारात पडली, मग म्हणाली, त्याला चष्मा लागत होता तर घरी का नाही ठेवला.

---

राजाभाऊ_कट्टा

पोरीचं बरोबर आहे.

---

लीकवासी

मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. प्रकल्प दिला. कसं झालं ते सांगते.

आधी उभा कागद घेतला होता. वर जोसेफ, खाली लॉकवुड, खाली रुडयार्ड. विदुषींचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला तर कागद फिरवला. मग बहिणी मावेनात. शेवटी बैठकीच्या खोलीला लावून उरलेला वॉलपेपरचा रोल काढला, मागची पांढरी बाजू वर, आणि जमिनीवर आडवा पसरला. मधोमध हॅना आणि जॉर्ज, त्यांच्याखाली सगळी भावंडं एका ओळीत. लहानपणी गेलेल्यांना रिकामे चौकोन, पेन्सिलीने. ॲलिसच्या चौकोनात '४ एप्रिल १८३७, तीन महिने लवकर' असं लिहिलंय, जणू ती वेळेआधी जन्मली! मी दुरुस्त केलं नाही. वेस्लीची बट हिरव्या शाईने.

चॅपेलची वही मात्र अजून हाती लागली नाही. 'आर जी ४' चाळणं सुरू आहे. शेफील्डला एकापेक्षा जास्त मेथडिस्ट चॅपेलं होती हे कोणी सांगितलं नव्हतं.

---

जुनेकागद

सगळी चाळा. पहिल्यात मिळत नसतं कधीच.

---

लीकवासी

आणि एक. गोंयकार, वसईकर, तुमचं भांडण तिने वाचलं (तिचं मराठी मोठ्याने वाचण्यापुरतं बरं आहे). रोल गुंडाळता गुंडाळता विचारते, आयाला कुठे लिहायचं? मी म्हटलं, ती घरातली नाही ना. तर म्हणे, मग रुडयार्डला झोपवायचं कोण?

मिटाचं नाव तरी आहे. तिला तो फक्त 'आया' म्हणतो. रुडयार्डच्या चौकोनाला चिकटून एक चौकोन काढलाय, आत क्रूस, नावाची जागा कोरी.

---

गोंयकार

आमच्या गावच्या इगर्जीत बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. पणजीच्या पुराभिलेखातही आहेत. पण वाडो नाही, नाव नाही, कशावरून काढायचं बाये.

---

वसईचा_डाबरे_नव्हे

आमच्याकडेही तेच. असो. चौकोनात क्रूस कुठल्या घाटाचा काढलाय? वसईचा की गोव्याचा?